उन्हाचे ओझे आणि लाल पान

आंब्याची तांबूस पालवी आणि सह्याद्रीत पेटल्यासारखे दिसणारे कुसुमाचे झाड यांची वर्णने आपल्याकडे भरपूर झाली आहेत. ही पाने लाल का, हे मात्र फारसे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. वनस्पतिशास्त्राची पदवी नसलेल्या माझ्यासारख्याने जुने ग्रंथ चाळत शोध सुरू केला, तेव्हा वाट निघाली ती ऑस्ट्रियातल्या एका डोंगराकडे.

टिरोलमधल्या ब्लाझर डोंगरावर, सुमारे २२०० मीटर उंचीवर, अँटन केर्नर यांनी १८७०च्या दशकात प्रयोगासाठी बाग केली. सखल भागातल्या वनस्पतींचे बी तिथे पेरायचे आणि काय होते ते बघायचे, एवढाच खटाटोप. समर सॅव्हरी ही पुदिन्याच्या कुळातली, तिकडे स्वयंपाकात चवीसाठी वापरतात ती वनस्पती. खाली हिरवी असणारी तिची पाने वर गडद तांबूस झाली. जवसाला मात्र हा रंग तयार करता येईना. तो पिवळा पडला आणि मेला. केर्नर यांनी अनुमान काढले की डोंगरावरचे प्रखर ऊन हरितद्रव्य नासवते आणि लाल रंग त्याच्यावर पडदा धरतो.

मला यातला जवस महत्त्वाचा वाटतो. नुसत्या सॅव्हरीने एवढेच कळले असते की उंचावर पान लाल होते. पडदा नसेल तर काय होते, ते जवसाने दाखवले. अर्थात डोंगरावर ऊन असते तशी थंडीही असते, त्यामुळे हा पुरावा पक्का म्हणता येत नाही.

पुढे १८९६ मध्ये अर्न्स्ट श्टाल यांनी जावातल्या बाउटेनझोर्ग (आजचे बोगोर) इथल्या दमट जंगलातली पाने पाहून वेगळे मत मांडले: लाल रंग पानाला ऊब देतो. पडद्याची कल्पना मागे पडत गेली. याचे कारण मला साधे वाटते. ऊन म्हणजे झाडाचे अन्न. अन्नापासून संरक्षण कशाला?

अन्नाचेही अजीर्ण होते, हे समजायला विसावे शतक बरेच सरावे लागले. पान पकडते तेवढी सारी ऊर्जा वापरता आली नाही, तर उरलेल्या ऊर्जेतून प्राणवायूची घातक रूपे तयार होतात आणि प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच मोडते. १९८७ मध्ये बार्बारा डेमिग आणि सहकाऱ्यांनी पानातल्या झियाझँथिन या पिवळ्या द्रव्याचा संबंध जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देण्याशी जोडला. म्हणजे हिरव्यागार पानाच्या आतही उन्हाविरुद्ध बंदोबस्त असतो.

लाल रंगाची खरी परीक्षा २००१ मध्ये अमेरिकेत झाली. टेलर फील्ड, डेव्हिड ली आणि मिशेल होलब्रुक यांनी डॉगवूड या झुडपाची शरदातली लाल आणि पिवळी पाने घेतली आणि त्यांच्यावर प्रखर निळा प्रकाश टाकला. लाल पाने लवकर सावरली, पिवळी मागे राहिली. मग तितकाच प्रखर लाल प्रकाश टाकला, तेव्हा दोन्हींत फरक उरला नाही. पानातला लाल रंग लाल प्रकाश शोषत नाही. ज्या प्रकाशाला पडदा अडवत नाही, तिथे पडद्याचा उपयोगही दिसला नाही. केर्नर यांच्या डोंगरावर ऊन आणि थंडी वेगळी काढता येत नव्हती. इथे एकच गोष्ट बदलली होती.

गळणाऱ्या पानाने तरी एवढा खर्च का करावा? २००३ मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी लाल रंग न बनवू शकणारी झुडपे नेहमीच्या झुडपांशी ताडून पाहिली. लाल होणाऱ्या झुडपांनी गळण्यापूर्वी पानातला नायट्रोजन अधिक परत ओढून घेतला. घर रिकामे करताना सामान भिजू नये म्हणून ताडपत्री टाकावी, तसे.

कोवळ्या पालवीचे गणित वेगळे आहे. तिची यंत्रणा अजून उभी राहायची असते, म्हणून ऊन झेपत नाही, हे पटण्यासारखे आहे आणि माझा कल तिकडेच आहे. पण काही जण लाल रंग किडींना दूर ठेवतो असे म्हणतात. शिवाय उष्ण कटिबंधातल्या जंगलांत दाट सावलीतल्या झाडांनाही लाल पालवी फुटते. तिथे पानांतून झिरपणारे कवडसे क्षणभर प्रखर असतात, एवढेच उत्तर सध्या केर्नर यांच्या बाजूने देता येते.