दिल्लीच्या हवेचे आकडे : मोजणी, वाद आणि पडताळणी

दिल्ली आणि तिच्या परिसरातील नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या शहरांच्या हवेविषयी दर हिवाळ्यात जे आकडे हातोहात फिरतात, त्यांत निव्वळ बनावट आकडे थोडे आणि अर्धवट आकडे फार असतात. आकडा कोणत्या घटकाचा, किती तासांच्या सरासरीचा आणि कोणत्या मोजपट्टीवरचा, हे तपशील गळाले की खरा आकडाही दिशाभूल करू लागतो; आणि ही गळती समाजमाध्यमांच्या कितीतरी आधीपासून, शासकीय अहवालांत आणि न्यायालयीन कागदपत्रांतही होत आली आहे.

भारतातील शहरी हवेच्या पद्धतशीर मोजणीचा आरंभ नागपूरहून झाला. तेथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच ‘नीरी’ने, १९७८ पासून दिल्लीसह १० शहरांत मोजणी केंद्रे चालवली, आणि १९८४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. या कार्यक्रमात आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाकाठी १०४ दिवस, नमुने घ्यायचे असा दंडक होता. पंपाने ओढलेली हवा काचतंतूंच्या गाळणकागदातून जाई, दर ८ तासांनी कागद बदलला जाई, आणि आधी वजन करून ठेवलेला तो कागद प्रयोगशाळेत पुन्हा तोलून वाढलेल्या वजनाला हवेच्या घनफळाने भागले की मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या एककात उत्तर मिळे. या पद्धतीत प्रथम मोजले गेले ते हवेत तरंगणारे लहानमोठे सर्वच कण. १० मायक्रॉनपर्यंतचे कण नंतर वेगळे मोजले जाऊ लागले, आणि फुप्फुसांत खोलवर शिरणारे २.५ मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, राष्ट्रीय मानकांत आले ते थेट नोव्हेंबर २००९ मध्ये. त्यामुळे १९९० च्या दशकातील ‘धूलिकणां’चा आकडा आजच्या पीएम २.५ च्या शेजारी ठेवून हवा सुधारली किंवा बिघडली असा निष्कर्ष काढणे मुळातच चूक ठरते. अशा तुलना आजही सर्रास केल्या जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रदूषण कोणामुळे होते, या प्रश्नाच्या आकड्यांचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर १९९७ मध्ये दिल्लीच्या प्रदूषणावर श्वेतपत्रिका काढली, तीत एकूण प्रदूषणातील वाहनांचा वाटा दोन तृतीयांशांच्या आसपास दाखवला होता. हा वाटा काढताना सर्व प्रदूषकांच्या वजनाची सरसकट बेरीज झाली होती, आणि वाहनांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे वजन सर्वाधिक असल्याने तो वायूच बेरजेवर भारी पडला. आरोग्याला अधिक घातक असलेल्या सूक्ष्म कणांतील वाहनांचा वाटा त्यातून कळत नव्हता. पुढील अभ्यासांनी तो वेगवेगळा काढला. आयआयटी कानपूरच्या जानेवारी २०१६ च्या अहवालात पीएम २.५ च्या उत्सर्जनात वाहनांचा वाटा २० टक्के आणि रस्त्यावरील धुळीचा ३८ टक्के होता, तर हिवाळ्यात प्रत्यक्ष हवेतून गोळा केलेल्या कणांत वाहनांचा वाटा २५ टक्के निघाला. ‘टेरी’ ही संशोधन संस्था आणि पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन (एआरएआय) यांच्या २०१८ च्या अभ्यासात हिवाळ्यासाठी तो २८ टक्के होता, आणि पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या ‘सफर’ प्रकल्पाने त्याच वर्षी उत्सर्जनाच्या हिशेबात ४१ टक्के दाखवला. काय जळते याचा हिशेब आणि हवेत काय सापडते याचे विश्लेषण या दोन भिन्न पद्धती आहेत, त्यांचे हंगाम आणि भौगोलिक सीमाही भिन्न आहेत; म्हणून यांतील एकच आकडा उचलून ‘दिल्लीचे प्रदूषण अमुक टक्के वाहनांमुळे’ असे लिहिणारा वाचकाला उत्तराचा एक तुकडाच देतो.

या गोंधळाचे सर्वांत बोलके उदाहरण नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घडले. पंजाब-हरियाणातील शेतकरी भाताचे काड, म्हणजे पराली, जाळतात त्याचा दिल्लीच्या प्रदूषणात किती वाटा आहे, असा प्रश्न सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांच्या पीठापुढे होता. केंद्राच्या प्रतिज्ञापत्रात पीएम २.५ मधील हा वाटा हिवाळ्यात ४ टक्के आणि उन्हाळ्यात ७ टक्के असल्याचा उल्लेख होता, आणि सोबतच्या बैठकीच्या इतिवृत्तात तोच वाटा ३५ ते ४० टक्के नोंदलेला होता. त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ‘सफर’च्या दैनिक अंदाजात तो ४८ टक्क्यांपर्यंत गेला होता. न्यायालयाची दिशाभूल झाल्याचा आरोप यावरून झाला आणि सॉलिसिटर जनरलना खुलासा करावा लागला. वस्तुतः पहिला आकडा संपूर्ण हंगामाच्या सरासरीचा होता, तर उरलेले दोन त्या मोजक्या दिवसांचे होते, जेव्हा आगी शिगेला पोहोचतात आणि वारा दिल्लीकडे वाहतो. शेतकऱ्याला दोषी ठरवू पाहणाऱ्याने मोठा आकडा घेतला, त्याला निर्दोष ठरवू पाहणाऱ्याने लहान घेतला, आणि कालावधी सांगण्याची तसदी दोघांनीही घेतली नाही. ज्याच्यावर दंड आणि खटले गुदरतात त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही हयगय क्षुल्लक नव्हती.

एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकाने ८ प्रदूषकांची मोजमापे ० ते ५०० या एकाच श्रेणीत आणली. निर्देशांक म्हणजे प्रत्यक्ष प्रदूषण नव्हे. प्रत्येक प्रदूषकाच्या मापाचे ठरावीक टप्प्यांनुसार गुणांत रूपांतर होते, आणि सर्वाधिक गुण मिळवणारा प्रदूषक त्या ठिकाणचा निर्देशांक ठरवतो. हे टप्पे प्रत्येक देशाचे निराळे असतात. पीएम २.५ चे प्रमाण १०० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय श्रेणीवर सुमारे २३० आणि अमेरिकी श्रेणीवर सुमारे १८० येतात. ५० मायक्रोग्रॅमला मात्र भारतीय आकडा ८० च्या घरात राहतो आणि अमेरिकी आकडा १३० ओलांडतो. शिवाय भारतीय श्रेणी ५०० वर थांबते, अमेरिकी श्रेणीचे गणित त्यापुढेही नेता येते. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंडळाच्या दुपारी ४ च्या पत्रकात दिल्लीचा निर्देशांक ४९४ होता आणि खासगी परदेशी संकेतस्थळावर हजाराच्या पुढचे आकडे झळकत होते, तेव्हा सरकार आकडे लपवते असा समज पसरला. पत्रकातील आकडा शहरभरच्या केंद्रांच्या मागील २४ तासांच्या सरासरीचा होता आणि त्याला ५०० ची मर्यादा होती. दुसरा आकडा तासागणिक बदलणारा होता आणि त्याला तशी मर्यादा नव्हती. तरीही मर्यादेवरची टीका अनाठायी म्हणता येत नाही, कारण ४०० मायक्रोग्रॅमची हवा आणि ८०० मायक्रोग्रॅमची हवा एकाच ५०० या आकड्यात झाकली जाते, आणि हा फरक कळणे नागरिकांचा हक्क आहे.

पडताळणीचा एक स्वतंत्र आधार आता उरलेला नाही. चाणक्यपुरीतील अमेरिकी दूतावासाच्या यंत्राची पीएम २.५ ची नोंद अनेक वर्षे जाहीर होत असे व शासकीय आकड्यांशी ताडून पाहता येई. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने जगभरच्या आपल्या दूतावासांची ही माहिती देणे थांबवले. केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर मात्र आनंद विहारपासून द्वारकेपर्यंतच्या एकेका केंद्राची मायक्रोग्रॅममधील नोंद वेळेनुसार उतरवून घेता येते, आणि शंकास्पद निर्देशांकाचा हिशेब त्या मूळ नोंदीवरून कोणालाही कागदावर पुन्हा मांडता येतो.