नरनाळ्याची २२ तळी आणि पर्यटकांचा हिशोब



शाश्वत ग्रामीण पर्यटनावर प्रस्ताव लिहिणारे बरेच जण 'वहनक्षमता' हा शब्द वापरतात. म्हणजे एखादी जागा किती पर्यटक झेपवू शकते, तो आकडा. तो काढायचा कसा, याचा एक चांगला धडा आपल्या अकोला जिल्ह्यातच आहे. त्यासाठी अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्यावर जाऊ या.

सातपुड्याच्या कडेवरचा हा किल्ला समुद्रसपाटीपासून साधारण ९७० मीटर उंच आहे. इ. स. १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहमनीने त्याची दुरुस्ती करवली, असं फिरिश्ता नोंदवतो. प्रसिद्ध महाकाली दरवाजा १४८७ सालचा. पुढे अकबराच्या काळात नरनाळा वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं ठिकाण होतं. म्हणजे इथे शतकानुशतकं फौज, घोडे, हत्ती, कारभारी, सगळा लवाजमा राहिला. आता प्रश्न असा, की एवढ्यांना पाणी कुठून? डोंगरमाथ्यावर नदी तर नाही.

ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये याचं उत्तर सापडतं. किल्ल्यावर २२ तळी आहेत, आणि त्यांपैकी फक्त ६ मध्ये वर्षभर पाणी टिकतं. शिवाय दगडी टाकी आहेत, आणि पावसाचं पाणी वळवून आणणाऱ्या पाटांचे अवशेषही.

या दोन आकड्यांकडे जरा थांबून बघा. ऑगस्टमध्ये चढलात तर २२ तळी भरलेली दिसतील आणि वाटेल, पाण्याची काय कमी! पण किल्ल्यावर कायम किती माणसं राहू शकतात, हे त्या ६ तळ्यांनी ठरवलं. उरलेली १६ तळी पावसाळ्याची सोय. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा नियम ओळखीचा वाटेल. पिकाची वाढ सर्वांत कमी असलेल्या अन्नघटकावर अडते, हे श्प्रेंगेलने मांडलं आणि लीबिगने १८४० च्या दशकात लोकप्रिय केलं. आपल्या कोरड्या डोंगरात तो अडणारा घटक म्हणजे मे महिन्यातलं पाणी.

आता आजचं उदाहरण करू. आकडे काल्पनिक आहेत, पण रीत खरी. समजा, पायथ्याच्या एका गावाची विहीर मे महिन्यात रोज २०,००० लिटर पाणी देते. लोकसंख्या ३००. जल जीवन मिशनच्या ५५ लिटरच्या निकषाने १६,५०० लिटर गावाला लागतात. ५० गुरं, प्रत्येकी ५० लिटर, म्हणजे २,५००. उरले १,०००. होमस्टेतल्या पाहुण्याला रोज १५० लिटर धरले, तर झेपणारे पाहुणे फक्त ६. तीच विहीर ऑगस्टमध्ये ६०,००० लिटर देत असेल, तर उत्तर येतं २७३! वार्षिक सरासरी घेऊन प्रस्ताव लिहिला, की मे महिन्यातला तुटवडा कागदावरून गायब होतो. गावातून मात्र होत नाही.

भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि पर्यटकांची गर्दी कोरड्या उन्हाळ्यात होते, त्यामुळे तिथे टंचाई लगेच डोळ्यांत भरते. आपल्याकडे डोंगरावर गर्दी पावसाळ्यात होते, म्हणून ती झाकली जाते. हा फरक नीट समजून घ्या. तिकडचं सूत्र जसंच्या तसं इकडे लावलं तर फसगत होईल.

आणि इथे पाण्याचे वाटेकरीही जास्त आहेत बरं का. नरनाळ्याला १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. उन्हाळ्यात त्याच तळ्यांवर वन्यप्राणी येतात. खाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथलं भूजल खारं. त्यामुळे तिथल्या अनेक गावांचं पिण्याचं पाणी याच सातपुड्यातून उतरतं. वान धरणावरची '८४ खेडी योजना' हे त्याचं उदाहरण. डोंगर जपणं म्हणजे फक्त सुंदर देखावा जपणं नव्हे, ते खालच्या घागरी भरण्याचंही काम आहे.

संशोधनाला निघणाऱ्यांसाठी तीन कामं सांगतो. एक, किल्ल्यावरच्या प्रत्येक तळ्याची नोंद तारखेसह करा, आणि ऑगस्टसोबत मे महिन्यातही जा. दोन, नुसती तळी मोजू नका, खोली आणि गाळही मोजा. गाळाने भरलेलं बारमाही तळं कधी हंगामी होऊन बसेल, सांगता येत नाही. तीन, गॅझेटियरमधले ६ आजही ६ आहेत का, हे गुराख्यांना आणि वनरक्षकांना विचारा. जुना आकडा आणि आजचा आकडा यांच्यातल्या फरकात तुमच्या प्रबंधाचा पहिला प्रश्न मिळून जाईल.

मे महिन्यात जाताना पाणी मात्र घरून न्या. अकोल्याचा पारा तेव्हा ४५ च्या वरही जाऊ शकतो!