गळाच्या एका जुन्या निबंधाचें कर्तृत्व

ट्राउट माशासाठीं कृत्रिम माशी कशी बांधावी हें सांगणारा इंग्रजी निबंध विंकिन द वर्ड यानें १४९६ सालीं छापला. थंडी सरतांना, मार्चांत, लावावयाच्या पहिल्या माशीचें अंग करड्या लोंकरीचें, पंख तित्तिराचे. निबंध डेम ज्यूलियाना बर्नर्स हिचा, अशी रूढ समजूत आहे. आम्हांस ती ग्राह्य वाटत नाहीं. तिचें नांव सेंट ऑल्बन्स येथील १४८६ च्या छापांत मृगयाप्रकरणाच्या समाप्तीस येतें. त्या छापांत मत्स्यनिबंधच नाहीं! दोन्ही प्रकरणें पुढें एकत्र छापलीं गेलीं, इतकेंच. एकाचा समाप्तिलेख शेजारच्या प्रकरणास चिकटल्याचे प्रकार बाडें चाळणारांस नवे नाहींत. येल विद्यापीठांतील सुमारें १४५० ची हस्तलिखित प्रत अपुरी असून माश्यांची यादी तींत नाहीं. तेव्हां तिचाही आधार मिळत नाहीं.