तळटीप : लिनीअसचे पेलोरिया

* कार्ल लिनीअसने १७४४ मध्ये वर्णिलेले, लिनारिया व्हल्गॅरिसचे हे स्वीडनमधील रूप, ज्याच्या फुलाला एका शुंडिकेऐवजी पाच शुंडिका असतात, ते प्रस्तुत ग्रंथकर्ता उत्परिवर्तनाचे फळ समजतो. परंतु १९९९ मध्ये नॉरिचच्या जॉन इनेस सेंटरमधील एन्रिको कोएन व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, फुलाची ठेवण ठरविणाऱ्या जनुकाचा मजकूर अबाधित असून, दप्तरातील हुकूम शाबूत असताना त्यावर तहकुबीचा शेरा पडावा तद्वत्, डीएनएला जडलेल्या मेथिल गटांमुळे ते जनुक मूक झाले आहे. हा शेरा बीजाद्वारे पुढील पिढीतही उतरतो, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. क्वचित तो पुसट होऊन त्याच झाडावर पूर्ववत् वळणाची फुलेही येतात.