कुलूप, किल्ली आणि खेळाची तबकडी

दिवाळीपूर्वीची साफसफाई म्हणजे घरोघरचे एक छोटेसे उत्खननच. यंदा आमच्या माळ्यावरून एक पितळी समई, एक मोडका आकाशकंदील आणि एक काळा चौकोनी डबा खाली आला. डबा भाच्याचा, त्याचे नाव प्लेस्टेशन टू. सोबत डझनभर तबकड्या, त्यांतल्या निम्म्यांवर ओरखडे. यंत्राने दोन तबकड्या निमूट वाचल्या, तिसरीपाशी कुरकुर केली आणि चौथी साफ नाकारली. भाचा म्हणाला, "मामा, हे खेळ तबकडीवरून काढून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवता येतात म्हणे. पण त्यासाठी यंत्राचं मॉडिंग करावं लागतं. ते चांगलं की वाईट?"

मॉडिंग म्हणजे मोडणे नव्हे, एवढे आधी सांगून टाकतो. कारखान्यातून आलेल्या यंत्रात असा फेरफार करायचा की, कारखानदाराने मना केलेले कामही ते करू लागेल, याला मॉडिंग म्हणतात. तेव्हा आधी विचारायला हवे की मनाई कोणी केली, आणि का? त्यासाठी चाळीस वर्षे मागे जायला हवे.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचे खेळयंत्र बाजारात आणले. त्याला कुलूप असे नव्हतेच. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात जी स्वस्त 'व्हिडिओगेम' यंत्रे आणि पिवळ्या कॅसेटी घरोघर आल्या, त्यांपैकी बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला. पण १९८५ साली तेच यंत्र रूप पालटून अमेरिकेत गेले, तेव्हा निन्टेन्डोने त्यात एक पहारेकरी बसवला. एक चिप यंत्रात आणि तिची जोडीदार कॅसेटीत. दोघींचे सांकेतिक संभाषण अखंड चालायचे. त्यात खंड पडला की यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होई, आणि पडदा सेकंदासेकंदाला लुकलुकत राही. कंपनीच्या परवानगीवाचून कोणी कॅसेट काढू नये, हा हेतू.

आता यातली गंमत पाहा. कॅसेटीच्या दातांवर जराशी धूळ बसली, किंवा यंत्राच्या आतली खाच सैल झाली, की दोन चिपांचे बोलणे तुटे. पैसे मोजून घेतलेली अस्सल कॅसेटसुद्धा मग नाकारली जाई. मुले बिचारी कॅसेटीत फुंकर मारत बसत. (आपणही मारली आहे, तोंडातल्या ओलाव्याने ते दात उलट गंजतात, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते!) पुढे दुरुस्ती करणाऱ्यांनी शोधून काढले की, यंत्रातल्या त्या चिपेचा चौथा पाय कापला की पहारा उठतो आणि खेळ बिनतक्रार चालतो. मॉडिंगचा याहून सोपा धडा नाही. चोरासाठी लावलेल्या कुलपात घरधनीच अडकला, म्हणून हा पाय कापावा लागला.

पुढचे कुलूप सोनीचे. तिचे पहिले प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानात निघाले. त्याच्या तबकडीच्या अगदी आतल्या कडेला रेघेत एक बारीकशी थरथर असे, आणि त्या थरथरीत चार अक्षरे दडवलेली असत. जपान, अमेरिका आणि युरोप यांची चौथी अक्षरे निरनिराळी. घरच्या सीडी-रायटरला ही थरथर उमटवता येत नसे. म्हणून नक्कल केलेली तबकडी चालत नसे. पण परदेशातून विकत आणलेली अस्सल तबकडीही चालत नसे! मग 'मॉडचिप' आली. नखाएवढी ही चिप डाख देऊन आत बसवली की, तबकडी कोणतीही असो, हवी ती चार अक्षरे ती स्वतःच यंत्राच्या कानात सांगे. तिच्यामुळे चोरट्या तबकड्यांचा बाजार फोफावला, हे लपवण्यात अर्थ नाही.

कुलपे मजबूत होत गेली, तशी किल्ल्या शोधणारी बुद्धीही. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स नोव्हेंबर २००१ मध्ये निघाला. त्याच्या पोटातच आठ जीबीची हार्ड डिस्क होती. अँड्र्यू ह्वांग या तरुण अभियंत्याने त्याच्या आतल्या तारांवरून धावणारी माहिती टिपून गुप्त किल्ली शोधली आणि २००३ साली त्यावर पुस्तक लिहिले. कायद्याच्या भीतीने प्रकाशकाने अंग काढून घेतले, तेव्हा त्याने ते स्वतःच छापले.

निन्टेन्डोच्या 'वी' यंत्राची कथा तर एखाद्या चातुर्यकथेत शोभावी अशी. त्यावरच्या झेल्डाच्या एका खेळात नायकाच्या घोड्याला नाव देता येते. नावासाठी जागा थोडकी. संशोधकांनी साठवलेल्या खेळाच्या नोंदीत हे नाव भलतेच लांबवले. पोत्यात न मावणारे धान्य सांडावे तसे ते शेजारच्या जागेत सांडले, आणि सांडलेल्या दाण्यांतून त्यांचा स्वतःचा प्रोग्रॅम सुरू झाला. साल २००८. यंत्राचा एक स्क्रूही न उघडता किल्ला सर झाला, तो घोड्याच्या नावाने!

आता भाच्याच्या डब्याकडे वळू. प्लेस्टेशन टू मार्च २००० मध्ये जपानात आले आणि जगभर त्याचे पंधरा कोटींहून अधिक नग खपले. त्याच्या जाड्या अवतारात मागे हार्ड डिस्कसाठी खण होता. सोनीने स्वतः चाळीस जीबीची डिस्क त्यासाठी विकलीही होती. म्हणजे बाहेर साठवण करण्याची कल्पना चोरांची नव्हे, खुद्द कारखानदाराचीच! २००८ साली 'फ्री मॅकबूट' नावाचा प्रोग्रॅम आला. सुरू होताना हे यंत्र मेमरी कार्डावर सोनीची काही सुधारणा आहे का, हे पाहते. हा प्रोग्रॅम त्या सुधारणेचे सोंग घेऊन आत शिरतो. डाख नको, पाय कापणे नको. मात्र अगदी शेवटच्या काही नगांत ही वाट बुजवलेली आहे. म्हणून नवशिक्याने प्रथम यंत्राच्या पाठीवरचा मॉडेल-क्रमांक वाचावा.

आत गेल्यावर 'ओपन पीएसटू लोडर' हा प्रोग्रॅम हार्ड डिस्कवरून, यूएसबीवरून किंवा घरातल्या कॉम्प्युटरवरून खेळ चालवतो. नवशिके फसतात ते यूएसबीपाशी. या यंत्राची यूएसबी जुन्या चालीची. सेकंदाला दीड एमबीच्या आतच तिची धाव. तबकडी याच्या तिप्पट वेगाने वाचली जाते. म्हणून यूएसबीवर खेळातली चित्रफीत अडखळू लागली, तर डिस्क बिघडली असे समजू नये. जाडे यंत्र असेल तर आतली हार्ड डिस्कच बरी. आणखी एक अडचण अशी की, यूएसबी डिस्कची जुनी मांडणी, जिला फॅट-३२ म्हणतात, तीत चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. मोठा खेळ तुकडे करून ठेवावा लागतो. आणि काहीही करण्याआधी मेमरी कार्डावरच्या जुन्या नोंदींची प्रत काढून ठेवावी. गेलेला खेळ पुन्हा मिळेल. बालपणी रात्री जागून जिंकलेली लढाई मिळणार नाही.

राहिला चांगल्या-वाइटाचा प्रश्न. सिडनीत मॉडचिपा विकणाऱ्या स्टीव्हन्स नावाच्या माणसावर सोनीने दावा लावला. २००५ साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो सोनीच्या विरुद्ध निकालात काढला. पुढे तिथला कायदा बदलला. आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आले. हक्क बुडवण्याच्या हेतूने असे कुलूप फोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असे ते सांगते. पण त्याच कायद्याचे ५२ वे कलम, प्रोग्रॅमची प्रत रीतसर जवळ असलेल्याला नाश-नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत काढू देते. कायद्याची नजर हेतूवर आहे, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

कारण काळ कोणासाठी थांबत नाही. प्लेस्टेशन टूचे उत्पादन २०१३ च्या आरंभापर्यंत संपले. वीचे ऑनलाइन दुकान २०१९ साली बंद झाले. अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ साली पाहणी करून सांगितले की, तिथले शेकडा ८७ जुने खेळ आज रीतसर विकत मिळतच नाहीत. हैदराबादेत तयार झालेला 'देसी अड्डा' हा २००९ सालचा खेळ घ्या. त्यात कबड्डी आहे, विटी-दांडू आहे, पतंग आहेत. त्याची तबकडी ओरखडली तर दुसरी कुठून आणायची?

म्हणून मी भाच्याला म्हटले, "यंत्र तुझं, तबकडी तुझी, तर प्रत काढून ठेव. दुसऱ्याच्या तबकडीची नक्कल करून खेळायचं असेल, तर मला विचारू नकोस." तो हसला, आणि तबकड्या मऊ फडक्याने आतून बाहेर, सरळ रेषेत पुसू लागला. चौथी तबकडी दुसऱ्या प्रयत्नाला सुरू झाली. त्याने तिचीच प्रत सर्वांत आधी काढली.