दंड आणि टिंब

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या रौप्यमहोत्सवी अंकातील चार निवडक लेख पुन्हा छापावेत, असा ठराव कार्यकारिणीने केला आणि ते काम आमच्याकडे सोपविले. वरकरणी काम सोपे होते. तो अंक संगणकावरच जुळविलेला असून त्याच्या फायली एका चकतीवर जपून ठेवलेल्या होत्या. चकती चालली, फाईलही उघडली. परंतु पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांच्या खुणा आणि स्वरचिन्हे मिरविणारी युरोपीय अक्षरे यांची खिचडी उमटली. त्या काळी प्रत्येक मराठी फाँट आपापल्या सांकेतिक क्रमाने चालत असे. तो फाँट आज उपलब्ध नसल्याने चार लेख, त्यांपैकी तीन दिवंगत सभासदांचे, डोळ्यांसमोर असूनही वाचता येत नव्हते. सुदैवाने छापील अंकाची एक प्रत एका सभासदाच्या ट्रंकेत निघाली. ती समोर ठेवून आम्ही सारा मजकूर पुन्हा टंकित केला. ते करीत असताना विरामचिन्हांचा जो घोळ झाला, त्यातून हा लेख उद्भवला आहे.

मराठीस विरामचिन्हांची सवय तशी अलीकडची. पोथ्यांत ओवीच्या अथवा श्लोकाच्या अखेरीस दंड असत. त्याहून अधिक खुणांची गरज कोणास भासली नाही. मोडी दप्तराची तऱ्हा आणखी निराळी. लेखक आधी पानभर आडवी रेघ ओढी आणि तिला अक्षरे टांगीत जाई. दोन शब्दांत अंतर नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. तरीही पेशवाईचा सारा कारभार अशाच कागदांवर चालला. हे कसे शक्य झाले, याचे उत्तर भाषेच्या घडणीतच आहे. मराठी वाक्याचे क्रियापद बहुधा शेवटी येते. ते आले की वाचणाऱ्यास वाक्य संपल्याचे कळते. प्रश्न विचारावयाचा तर शेवटी ‘काय’ येई. दुसऱ्याचे बोलणे कोठे संपले हे ‘म्हणोन’ या शब्दाने समजे. ‘फौज पुढे गेली म्हणोन वर्तमान आले’ या धाटणीच्या वाक्यास अवतरणचिन्हांची जरुरी नाही. आज जे काम आपण खुणांकडून करवून घेतो, ते तेव्हा शब्दच करीत. पत्राची समाप्तीसुद्धा ठरीव शब्दांनीच होई.

मुद्रण आले आणि हा हिशेब पालटला. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्यात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी असे. एका स्तंभात सर्व चिन्हे आणि दुसऱ्यात त्यांची वानवा, हा भेद वाचकांच्या नजरेत भरल्यावाचून राहिला नसेल. परंतु या चिन्हांना मराठीत रीतसर आणण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या १८३१ सालच्या कोशाच्या कामात त्यांचा मोठा हात होता. पुढे सरकारी भाषांतराचे काम त्यांच्याकडे आले. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० साली प्रसिद्ध झाली. गोऱ्या लष्करी अधिकाऱ्याने मराठी लेखकांना श्वास कोठे घ्यावा हे शिकवावे, याचे आज नवल वाटेल. पण शिकविले ते आपण इतके आत्मसात केले की, टिंबाचा पूर्णविराम परका आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही राहिले नाही. पुढे निर्णयसागरसारख्या छापखान्यांच्या सुबक अक्षरांतून तो घरोघर पोहोचला.

हिंदीने मात्र दंड सोडला नाही. एकच देवनागरी, पण वाक्य संपविताना मराठीने टिंब घेतले आणि हिंदीने उभी रेघ राखली. काही हिंदी नियतकालिकांनी पुढे टिंब स्वीकारले, तरी शाळा आणि सरकारी कचेरी यांत दंडच कायम राहिला. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना या भेदाचे काही वाटणार नाही. आम्हां उत्तर हिंदुस्थानात नोकरी केलेल्यांना मात्र तो रोज भेटतो. दिवसभर टिपणीवर दंड द्यावयाचे आणि रात्री आईला पत्र लिहिताना टिंब! कित्येकदा हात चुके. ‘दंड कोणास केलास?’ असे आमच्या वडिलांनी एकदा उलट टपाली विचारले होते.

टंकयंत्राशी आमची गाठ १९८८ साली पडली. बी. ए. होऊन परीक्षेस बसावयाचे, तर इंग्रजी टंकलेखनाचा मिनिटाला तीस शब्दांचा वेग हवा. म्हणून सकाळी सहाला आम्ही क्लासला जाऊ. मास्तरांचा दंडक असा की पूर्णविरामानंतर दोन जागा सोडावयाच्या आणि स्वल्पविरामानंतर एक. चुकल्यास कागद परत. यंत्रातील प्रत्येक अक्षर सारखीच रुंदी व्यापीत असल्याने दोन जागांनी वाक्ये नजरेस वेगळी पडत, हे त्यामागचे इंगित आम्हांस फार उशिरा कळले. उद्गारचिन्हाची कळच त्या यंत्रावर नव्हती. वरचा स्वल्पविराम मारून एक घर मागे यावयाचे आणि खाली टिंब द्यावयाचे. त्यामुळे उद्गार काढण्यापूर्वी मनुष्य दोनदा विचार करी, हा त्या यंत्राचा गुणच म्हणावा लागेल.

नोकरीत देवनागरी यंत्रावर बसण्याची पाळी आली तेव्हा निराळीच कसरत सुरू झाली. इंग्रजीच्या मापाने घडविलेल्या सांगाड्यात बाराखडी आणि जोडाक्षरे कोंबलेली. कित्येक अक्षरे अर्धी उमटवून त्यांना काना जोडावा तेव्हा पुरी होत. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना जशी दिसते तशी अक्षराच्या आधी मारावयाची. रफार मात्र अक्षर झाल्यावर त्याच्या डोक्यावर चढवावयाचा. थोडक्यात, यंत्र लिहीत नसे, चित्र काढीत असे. ही बोटांची सवय आमच्या हाडांमासांत पुरी मुरते न मुरते, तोच संगणक आला.

संगणकाचे शास्त्र नेमके उलटे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली सर्व भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा एकच कळफलक ठरविला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. येथे अक्षर उच्चाराच्या क्रमाने द्यावयाचे. आधी ‘क’, मग ऱ्हस्व वेलांटी; ती कोठे बसवावी हे संगणक पाहील. रफार तर अक्षराच्या आधी. वीस वर्षे उलट वळण लागलेल्या बोटांची जी तारांबळ उडाली, ती आम्ही एकट्यानेच नव्हे, त्या पिढीतील प्रत्येक टंकलेखकाने अनुभवली आहे. दोन जागांचा दंडकही निरुपयोगी ठरला. संगणकाची अक्षरे आपापल्या रुंदीची असल्याने एक जागा पुरते. आमचा अंगठा अजून दोनदा पडतो आणि आमची कन्या मजकूर घेऊन आधी त्या जादा जागा पुसून काढते.

अक्षरांस सांकेतिक क्रमांक देणारे इस्की हे भारतीय मानक १९९१ साली निघाले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. प्रत्यक्षात आमच्यासारख्यांच्या टेबलापर्यंत युनिकोड पोहोचण्यास आणखी दशकाहून अधिक काळ लागला. मधल्या काळात त्या खिचडीवाल्या फाँटांचे राज्य होते. युनिकोडमध्येही मराठीस आपल्या गरजा मागाहून मांडाव्या लागल्या. ‘ॲ’ हे आपले अक्षर त्यात २००८ साली स्वतंत्रपणे आले. तोवर हिंदी वळणाच्या ‘ऍ’वर भागवावे लागे. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे कोणती, हे महाराष्ट्र शासनाने २००९ साली निर्णय काढून सांगितले. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम देण्याची खोड तर सार्वत्रिक आहे. कागदावर दोहोंत फरक दिसत नाही, पण संगणकाला शोध घ्यावयास सांगितले तर त्याला ते दुःख सापडत नाही.

या साऱ्यात एक गोष्ट आम्हांस विशेष मौजेची वाटते. युनिकोडमध्ये दंडाला देवनागरीच्या दालनात जागा आहे आणि बंगालीही तोच वापरते. आपल्या पूर्णविरामाला मात्र तेथे घर नाही. मराठीचे टिंब इंग्रजीच्याच टिंबाचा क्रमांक लावते. पावणेदोनशे वर्षांनंतरही कँडीसाहेबांची देणगी संगणकाच्या दप्तरी विलायतीच राहिली आहे. शिवाय आपल्या मुलांच्या हातांतील मोबाइलवर बहुधा हिंदी कळफलक असतो. त्यात टिंबाच्या जागी दंड येतो. आजीला पाठविलेल्या मराठी संदेशात दंड उमटतो तो असा. आम्ही प्रारंभी नातेवाइकांच्या मुलांना टोकीत असू. हल्ली टोकण्याआधी थोडे थांबतो, त्याचे कारण सांगून लेख पुरा करतो.

त्या चार लेखांपैकी एक मंडळाच्या संस्थापक सभासद असलेल्या काकूंचा आहे. त्या लग्न होऊन या शहरी आल्या आणि निवृत्त होईपर्यंत हिंदी शाळेत शिकवीत राहिल्या. त्यांच्या मराठीत प्रत्येक वाक्याशेवटी दंड असे. पंचवीस वर्षांपूर्वी संपादक मंडळात यावर वाद झाला होता आणि आम्ही, तेव्हा तिशीतले शुद्धलेखनाभिमानी, टिंबांच्या बाजूने तावातावाने बोललो होतो. काकू एवढेच म्हणाल्या, “अरे, माझं वाक्य असंच संपतं.” दंड राहिले.

या खेपेस आमच्या तरुण स्वयंसेवकाने लेख टंकित होताच एका आज्ञेसरशी सर्व दंडांची टिंबे करून टाकली. अखेरीस काकूंनी स्वतः रचलेली ओवी आहे. तिच्या शेवटच्या दोन दंडांचीही दोन टिंबे झाली आणि ओवी अर्धवट सुटल्यासारखी दिसू लागली. तो मुलगा ओशाळला. मग त्याने आणि आम्ही मिळून ट्रंकेतील प्रत समोर ठेवली आणि एकेक दंड जागच्या जागी परत घातला. पुढे काकूंचा लेख आहे. त्यातील उभ्या रेघा वाचकांनी मुद्रणदोष समजू नयेत.