अंगणात आलेली शाळा

१/
दिवेलागणीची वेळ. देवापुढे निरांजन लागले आहे, शुभंकरोति म्हणून झाले आहे आणि ओसरीवर बसलेली मुले एका सुरात परवचा म्हणत आहेत. आधी पाढे, मग पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी. त्यापुढे वार, तिथी, महिने, नक्षत्रे. कोणी वडीलधारे शेजारी बसून चुका दुरुस्त करीत आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील शिकल्या-सवरल्या घरांत ही रोजची संध्याकाळ होती. घरच्या शिकवणीचा इतिहास येथून सुरू करता येतो.

२/
दिवसा पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवी. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, तीत काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. संध्याकाळचा परवचा म्हणजे त्या शिक्षणाची घरी होणारी उजळणी. पावकी म्हणजे पावाचा पाढा, औटकी म्हणजे साडेतीनचा. रुपयाचे सोळा आणे आणि मापांचे पाव, अर्धा, पाऊण असे भाग असलेल्या काळात बाजारहाटाचा हिशेब या अपूर्णांकांच्या पाढ्यांवरच चाले.

३/
मात्र हे चित्र उभे राहण्यासाठी घरात तीन गोष्टी असाव्या लागत: स्वतः पाठांतर असलेले मोठे माणूस, ते माणूस घरी असण्याइतकी सवड, आणि संध्याकाळपर्यंत ढोरमेहनतीने न थकलेले मूल. बहुसंख्य शेतकरी, कारागीर आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या घरांत या तिन्ही गोष्टी नव्हत्या. ज्या घरांत होत्या, तेथेही मुलींना परवच्याच्या ओळीत बहुधा जागा नसे.

४/
एकोणिसाव्या शतकात ही चौकट मोडणारे काही अपवाद घडले, तेही घरातच. जोतीराव फुले यांनी सावित्रीबाईंना शिकवले आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा उभी राहिली. लक्ष्मीबाई डोंगरे यांनी आपल्या मुलीला संस्कृत शिकवले. ती मुलगी पुढे पंडिता रमाबाई म्हणून देशभर ओळखली गेली. महादेव गोविंद रानडे यांनी रमाबाई रानडे यांना विवाहानंतर घरीच शिकवले. प्रत्येक वेळी घरात एक तरी शिकलेले माणूस होते आणि त्याची शिकवण्याची तयारी होती.

५/
ज्या घरात असे एकही माणूस नाही, त्या घरातील मुलाचे काय? जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हाच घाव घातला होता. सरकारचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्यांच्या करातून तो येतो ती रयत निरक्षर राहते, असे त्यांचे म्हणणे होते. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. परंतु शाळेत पोहोचण्यापूर्वीची पहिली पाच-सहा वर्षे अद्याप कोणाच्याच हिशेबात नव्हती.

६/
त्या वर्षांकडे जगाचे लक्ष वेधले ते रोममधील एका घटनेने. सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत आईबाप कामावर गेल्यावर लहान मुले चाळींच्या जिन्यांवर मोकाट हिंडत आणि भिंती खराब करीत. इमारतींच्या व्यवस्थापकांनी या मुलांसाठी त्याच इमारतीत एक खोली दिली आणि डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे काम सोपवले. ६ जानेवारी १९०७ रोजी ही संस्था सुरू झाली. तिच्या इटालियन नावाचा अर्थ आहे, मुलांचे घर.

७/
माँटेसरींनी पाहिले ते असे: लहान मूल हाताने शिकते. ठोकळे लहान-मोठे लावताना, दट्ट्या नेमक्या भोकात बसवताना, गुंड्या लावताना ते तासन्‌तास रमते; आणि ठोकळा चुकला की तो बसतच नाही, त्यामुळे मोठ्या माणसाने ओरडण्याची गरज उरत नाही. पाठांतराच्या आधी स्पर्श, आज्ञेच्या आधी कुतूहल, हा विचार भारतात पोहोचला तेव्हा त्याने सौराष्ट्रातील एका वकिलाला झपाटून टाकले.

८/
ते वकील म्हणजे गिजुभाई बधेका. जन्म १८८५. स्वतःच्या मुलाच्या जन्मानंतर त्याला कसे वाढवावे या विचाराने ते बालशिक्षणाकडे वळले. वकिली सोडून १९१६ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू केले. छडी नाही, भीती नाही; गोष्टी, गाणी, नाटक, मातीकाम आणि भटकंती आहे. मुलांवरच्या मायेमुळे लोक त्यांना ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत.

९/
बालमंदिर कितीही चांगले असले तरी मुलाचे उरलेले तास घरीच जातात, हे गिजुभाईंनी ओळखले होते. म्हणून शिक्षकांइतकेच त्यांनी आईबापांसाठी लिहिले. त्यांच्या एका गुजराती पुस्तकाचे नावच ‘माबाप थवुं आकरुं छे’ असे आहे. आईबाप होणे अवघड आहे, हा त्याचा अर्थ. मुलाला स्वतःच्या हाताने जेवू द्यावे, कपडे घालू द्यावेत, घरच्या लहानसहान कामांत घ्यावे, त्याच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत, रोज गोष्ट सांगावी: घरच्या शिकवणीची ही नवी कल्पना परवच्याहून फार वेगळी होती.

१०/
याच भावनगरात १९२३ मध्ये एक मराठी स्त्री येऊन दाखल झाली. ताराबाई मोडक. जन्म १८९२, मुंबई. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजातील सुधारक. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. वैवाहिक आयुष्य दुभंगल्यावर त्यांनी राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले होते. ती मानाची जागा सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ‘शिक्षणपत्रिके’च्या मराठी आवृत्तीतून हा विचार महाराष्ट्रातील घराघरांत जाऊ लागला.

११/
१९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभारले. ते नावारूपाला आले, परंतु त्याचा लाभ मुख्यतः शहरी मध्यमवर्गाला होत होता. माँटेसरींचे साहित्य नेमक्या मापांचे, सुबक आणि महाग. त्यासाठी स्वतंत्र इमारत हवी, प्रशिक्षित शिक्षिका हवी, फी देणारे पालक हवेत. ज्या मुलांसाठी रोममध्ये हे काम जन्मले ती कामगारांची मुले होती. भारतात ते प्रामुख्याने सुखवस्तू मुलांचे झाले होते. जोतीरावांनी सहा दशकांपूर्वी दाखवलेली विषमता येथेही शिल्लक होती.

१२/
१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील हे समुद्रकाठचे गाव. आसपास वारली आदिवासींचे पाडे. याच वर्षी या भागातील वारली, गोदावरी परुळेकर यांच्या साथीने, जमीनदारांच्या वेठीविरुद्ध उठले होते. जेथे मोठ्या माणसांचे स्वतःच्या शरीरावरही पूर्ण स्वामित्व नव्हते, तेथे अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाची गोष्ट काढायची होती.

१३/
त्यांच्या साथीला होत्या अनुताई वाघ. जन्म १९१०, मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळच्या रूढीनुसार आयुष्य तेथेच संपायचे. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि नोकरी करीतच पुढच्या परीक्षा देत गेल्या. शिक्षण नाकारले जाणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागले नव्हते.

१४/
बालवाडी उघडली म्हणजे मुले येतात, हा समज बोर्डीत टिकला नाही. पाड्यावरचे मूल येणार कसे? आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले. मोठी बहीण धाकट्या भावाला कडेवर घेऊन घर राखत बसलेली. थोरला भाऊ गुरांमागे. अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही, गावातल्या स्वच्छ खोलीची भीती वाटते. मुलाला शिकायचे नव्हते असे नाही. शाळेच्या वेळेला आणि भिंतींना त्याचे जगणे जुळत नव्हते.

१५/
तेव्हा दिशा उलटी करण्यात आली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागली. एखाद्या घरापुढचे सारवलेले अंगण झाडले की वर्ग तयार. मुलांना गोळा करायचे, हातपाय-तोंड धुवायचे, केस विंचरायचे, नखे कापायची, मग गाणी, खेळ, गोष्टी. गावातील मध्यवर्ती बालवाडीच्या जोडीने चालणाऱ्या या वर्गाला नाव मिळाले अंगणवाडी.

१६/
महागड्या साहित्याचा प्रश्नही याच अंगणात सुटला. ठोकळ्यांऐवजी चिंचोके, खडे, शंख-शिंपले, काड्या, बिया, पाने, फुले, माती, बांबू. लहानापासून मोठ्यापर्यंत पाने लावणे हा क्रम ओळखण्याचा धडा. एका ओळीत खडे, प्रत्येक खड्यापुढे एक शिंपला, हा मोजणीचा पाया. बिया ओवणे ही पुढे लेखणी धरणाऱ्या बोटांची तयारी. तत्त्व माँटेसरींचेच होते. सामान मात्र असे, की शिक्षिका निघून गेल्यावरही ते मुलाच्या दारात पडलेलेच असे.

१७/
अंगणातील वर्गाला भिंत नव्हती, हे त्याचे सर्वांत मोठे बळ. घराच्या उंबरठ्यावरची आजी, पाण्याची घागर घेऊन जाणारी आई, पाळण्याजवळची बहीण यांच्या डोळ्यांसमोर मूल खेळत शिके. शिकवणे म्हणजे छडी आणि घोकंपट्टी नव्हे, ते खड्यांनी आणि गोष्टींनीही होते, हे घराला न सांगता कळे. परवच्यासाठी घर आधीच शिकलेले असावे लागे. अंगणवाडीत मुलाच्या निमित्ताने घर शिकू लागे.

१८/
पुढचे प्रयोग याच वाटेने झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग. धाकट्या भावंडामुळे अडकलेल्या मुलींसाठी पाळणाघर, म्हणजे बाळ शेजारच्या खोलीत आणि बहीण वर्गात. १९५६-५७ च्या सुमारास काम डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागल्या. त्या रचनेचे नाव विकासवाडी. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरीपर्यंत, हे काम पुढे नेले.

१९/
२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि शाळापूर्व शिक्षण देणाऱ्या तिच्या केंद्राचे नाव होते अंगणवाडी. आज देशात अशी सुमारे १४ लाख केंद्रे आहेत. पालघरच्या पाड्यांवरचा शब्द सर्व राज्यांच्या सरकारी कागदांत गेला. ताराबाईंना मात्र ते पाहता आले नाही.

२०/
योजना मोठी होताना अर्थ थोडा बदललाही. उपाशी मुलाला आधी अन्न हवे, हे खरेच. पण आहार, वजन आणि नोंदवह्या यांच्या भारात खडे-शिंपल्यांचा तास अनेकदा मागे पडला. ज्यांना परवडते त्यांनी तिसऱ्या वर्षापासून इंग्रजी बालवर्ग आणि खाजगी शिकवणी धरली. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर गेले, तेव्हा जुनाच प्रश्न उघडा पडला: कोणाच्या घरात? ज्या घरात मोबाइल एकच होता आणि तोही बापाबरोबर कामावर जात होता, तेथील मूल पुन्हा ओळीबाहेर राहिले.

२१/
त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून, हाताने शिकण्यावर भर दिला. बोर्डीच्या अंगणात पाऊण शतकापूर्वी तेच चालू होते. मुलाला गोष्ट सांगायला पदवी लागत नाही. भाजी निवडताना शेंगा मोजून घ्यायला, पाने क्रमाने लावायला पैसा लागत नाही. मात्र दमून आलेल्या आईबापांना तेवढी सवड मिळावी, आणि ती मिळत नसेल तर कोणीतरी अंगण झाडून मुलांना हाक मारावी, एवढी जबाबदारी समाजाची उरते. ताराबाई आणि अनुताई यांनी ती स्वतःची मानली होती.